एकट्याने सोडू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा लग्नघरी सकाळचा चहा तू दोन्ही हातांनी कप धरून घेतलास, तरी निम्मा बशीत सांडला. मी पाहतो आहे हे लक्षात येताच तू म्हणालास, "एकादशीपासून दारू एकदम बंद." तुझ्या निश्चयाविषयी मला शंका नाही, भीती वाटते ती त्या 'एकदम' शब्दाची.

आमच्या अण्णाची हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. त्यानेही आषाढीला माळ घातली आणि सकाळच्या उताऱ्यासकट सारे त्याच दिवशी सोडले. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला आणि संध्याकाळी आकडी आली. अशक्तपणा असेल असे समजून आम्ही कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री तो अंथरुणात बसून चादरीवरच्या मुंग्या एकेक करून वेचू लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. कोणी बाहेरची बाधा म्हणाले, अंगारा लावला, आणि ती रात्र तशीच गेली.

दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, आणि त्या दाबावर मात करण्यासाठी मेंदू वर्षानुवर्षे अधिकाधिक उत्तेजित राहायला शिकतो. दाब अचानक निघाला की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत आकडी, त्यानंतर भ्रम, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही. गर्द ओढणाऱ्यांची 'टर्की', म्हणजे गर्द तुटल्यावर होणारी तडफड, पाहवत नाही, परंतु एरवी धडधाकट माणूस तिच्यामुळे सहसा दगावत नाही. दारू तुटल्याने दगावू शकतो, हे घराघरांत ठाऊक असायला हवे. झोपेसाठी तू गोळी घेतोस, ती दारूवर तर मुळीच घेऊ नकोस. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि झोपेतच थांबू शकतो.

अण्णाचा जीव वाचला, स्मरण वाचले नाही. अनेक वर्षे जेवण टाळून प्यायल्याने शरीरातील बी-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूचा स्मरणाचा भाग कायमचा दुखावतो. आजही तिन्हीसांजेला तो विचारतो, "बाबा शेतातून आले का?" बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. प्रत्येक वेळी सांगावे, तर प्रत्येक वेळी नव्याने रडतो. म्हणून आई आता "येतीलच" म्हणते.

हे टाळता येते, सुहास. रुग्णालयात औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, बी-१ची इंजेक्शने देतात, आणि शरीर सावरले की मनाचे काम सुरू होते. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुला माहीत आहेच. सरकारची १४४४६ ही मदतवाहिनीही आहे. वहिनींना तो क्रमांक लिहून दे.

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ. तोवर पिणे वाढवू नकोस, पण एकट्याने तोडूही नकोस. मधेच आकडी आली किंवा भ्रम झाला, तर माझी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी विचारले की रोज किती आणि कधीपासून, ते खरे सांग. अण्णाच्या वेळी लाजेपायी मीच सांगितले होते, "कधीमधी घेतो."

तुझा,
दिनकर