घरातल्या चार संगणकांचा बॅकअप: मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरात आता चार संगणक झाले आहेत आणि त्यांपैकी एकाचाही बॅकअप नियमित होत नाही, म्हणून सर्वांसाठी मिळून एकच वायरलेस बॅकअप ड्राइव्ह घ्यावा असे तू ठरवले आहेस, आणि तो कोणता घ्यावा एवढेच मला विचारले आहेस. एखाद्या कंपनीचे नाव कळवून मोकळे होणे सोपे होते. परंतु वायरलेस बॅकअप ड्राइव्ह या नावाखाली तीन-चार अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ज्या वस्तूची जाहिरात सर्वांत जोरात होते तीच तुझ्या कामाला सर्वांत कमी उपयोगाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: तुझ्या घरात बिनतारी असायला हवेत ते संगणक, ज्या डिस्कवर बॅकअप साठणार आहे ती मात्र राउटरला केबलनेच जोडलेली असावी.

बॅटरीवर चालणाऱ्या आणि स्वतःचे वायफाय असलेल्या ज्या छोट्या डिस्क मिळतात, त्यांचा विचार तू सोडून दे. सीगेटची गोफ्लेक्स सॅटेलाइट 2011 मध्ये आली, वेस्टर्न डिजिटलची माय पासपोर्ट वायरलेस 2014 मध्ये आली, आणि या जातीच्या डिस्क मुख्यतः प्रवासात कॅमेऱ्यातील छायाचित्रे उतरवून घेण्यासाठी किंवा टॅब्लेटवर चित्रपट पाहण्यासाठी घडवलेल्या होत्या. चार संगणकांनी रोज ठरलेल्या वेळी मुकाट्याने येऊन आपापल्या फाइली ठेवून जाव्यात, हे काम त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हते. तुला हवी होती तशी वस्तू खरे तर ॲपलने 2008 मध्ये टाइम कॅप्सूल या नावाने काढली होती. राउटर आणि डिस्क एकाच डब्यात होती. 2018 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. कोणी जुनी टाइम कॅप्सूल स्वस्तात देऊ केली तर घेऊ नकोस, कारण तिच्यातील डिस्क वयस्क झालेली असणार आणि फाइली देवाणघेवाणीच्या ज्या जुन्या पद्धती तिला कळतात, त्या नव्या संगणकांनी एक तर बंद केल्या आहेत किंवा बंद करत आणल्या आहेत.

आता केबलचा आग्रह का, ते सांगतो. वायफायवर एकाच वाहिनीवरील सर्व उपकरणे हवेतील तोच वेळ आपसांत वाटून घेतात. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते. लॅपटॉपही वायफायवर आणि डिस्कही वायफायवर असेल, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत आणि पुन्हा राउटरपासून डिस्कपर्यंत. म्हणजे दोन्ही फेऱ्या एकाच वाहिनीवर होत असतील तर वेग साधारण निम्म्यावर येतो. गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे 110 एमबी मजकूर जातो, त्यामुळे 500 जीबीचा पहिला बॅकअप सव्वा तासात होतो. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वायफायवर सेकंदाला 25 एमबी मिळाले, तर त्याच कामाला साडेपाच तास लागतात, आणि डिस्कही वायफायवर असली तर अकरा. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारा 866 मेगाबिटचा आकडा (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) पाहून हुरळून जाऊ नकोस. तो जोडणीचा सैद्धांतिक वेग असतो आणि प्रत्यक्षात फाइली त्याच्या निम्म्या-पाऊण वेगानेच सरकतात, तेही राउटर त्याच खोलीत असेल तर.

यावर तू म्हणशील की एवढा वेळ लागतच असेल तर संगणकही वायफायवर का ठेवायचे? कारण हा मोठा बोजा एकदाच उचलावा लागतो. प्रत्येक संगणकाचा पहिला पूर्ण बॅकअप त्याला केबल लावून करून घे. नव्या पातळ लॅपटॉपला केबलचे पोर्ट नसेल तर यूएसबीवर चालणारा जोडतुकडा मिळतो, आणि तो चौघांत मिळून एक पुरतो. त्यानंतर रोज केवळ बदललेल्या फाइलीच जातात. दिवसभरात दोन जीबी बदलले असतील तर त्याच मंद वायफायवर दीड मिनिटापेक्षा कमी वेळात काम उरकते आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. बॅकअप चालू असताना लॅपटॉप बंद करून उचलून नेला जातो, ही बिनतारी पद्धतीची खरी खोड आहे; मॅकवर तर नेटवर्कवरचा बॅकअप एका मोठ्या आभासी डिस्कच्या रूपात ठेवला जातो आणि जोडणी वारंवार मध्येच तुटली तर ती बिघडून 'नवा बॅकअप सुरू करावा लागेल' अशी सूचना येऊ शकते, म्हणजे मागचा सगळा इतिहास गेला. वहिनींचा मॅक असल्यामुळे हे मुद्दाम लिहितो. त्यांच्या संगणकाला दिवसातला एक वेळ असा द्यावा की तो चार्जरला लावलेला आणि जागा असेल.

राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला साधी बाहेरची डिस्क लावण्याचा मार्गही आहे, आणि कमीत कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर तो अगदीच टाकाऊ नाही. पण राउटरचा प्रोसेसर या कामासाठी दुबळा असतो, बऱ्याच राउटरांवरून सेकंदाला वीस-तीस एमबीच्या पुढे वेग जात नाही, आणि कित्येक जुने राउटर एसएमबी या नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्तीच वापरतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तो याच आवृत्तीतील फटीतून. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील विंडोज 10 च्या अद्ययावतीकरणापासून मायक्रोसॉफ्टने ती नव्या संगणकांवर वगळायला सुरुवात केली. त्यामुळे राउटरला लावलेली डिस्क जुन्या संगणकाला दिसते आणि नव्याला दिसत नाही असे घडते, आणि मग इंटरनेटवर कोणीतरी ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला देतो. तो सल्ला मानू नये.

म्हणून तुझ्यासाठी योग्य वस्तू म्हणजे नॅस, अर्थात नेटवर्कला जोडायचा स्वतंत्र साठवणूक-डबा. सिनॉलॉजी, क्यूनॅप आणि इतर काही कंपन्या असे डबे करतात. एका डिस्कचे, दोन डिस्कचे आणि त्याहून मोठे असे त्यांचे प्रकार असतात. तू दोन डिस्कचा घे. दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते आणि एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते, म्हणून बदली डिस्क आणेपर्यंत घरात गोंधळ उडत नाही. परंतु या आरशासारख्या जोडीला बॅकअप समजू नकोस. धाकट्याने चुकून फोल्डर पुसले की ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. आरसा यंत्राच्या बिघाडापासून वाचवतो, माणसाच्या हातापासून नाही. माणसाच्या हातापासून वाचवतात त्या जुन्या आवृत्त्या, आणि त्या ठेवणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे.

हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि खरेदीच्या वेळी याकडेच कोणी पाहत नाही. डबा निवडण्याआधी प्रत्येक संगणकावर कोणते सॉफ्टवेअर चालणार ते ठरव. वहिनींच्या मॅकवर टाइम मशीन आधीपासून आहे; ते गेल्या चोवीस तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दर दिवसाच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवते आणि जागा भरली की सर्वांत जुन्या प्रती काढून टाकते. यातच एक मेख आहे: मर्यादा घालून दिली नाही तर ते उपलब्ध असलेली सगळी जागा हळूहळू व्यापते आणि बाकीच्या तीन संगणकांना काही उरत नाही. म्हणून डब्यावर प्रत्येकासाठी जागेचा कोटा ठरवून देण्याची सोय आहे ना, एवढे खरेदीपूर्वी नक्की पाहा. विंडोजच्या संगणकांवर फाइल हिस्टरी ही सोय विंडोज 8 पासून आहे आणि नेटवर्कवरील फोल्डर तिला चालते. मात्र ती डेस्कटॉप, कागदपत्रे, छायाचित्रे अशा वैयक्तिक फोल्डरांपुरतीच मर्यादित आहे, संपूर्ण यंत्रणा ती जपत नाही. तुझ्या कामाच्या संगणकावर हिशेबाची सॉफ्टवेअर बसवलेली आहेत आणि ती पुन्हा बसवणे म्हणजे मोठा उपद्व्याप, म्हणून त्या एका संगणकाची पूर्ण प्रतिमा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट सगळ्याची हुबेहूब प्रत, घेणारे सॉफ्टवेअर वापर. वीम कंपनीचे या कामाचे एक मोफत साधन आहे, आणि नॅस बनवणाऱ्या काही कंपन्याही आपल्या डब्याबरोबर असे साधन देतात. थोरल्याच्या लिनक्सवर त्याला हवे ते तो स्वतः निवडील, त्यात आपण पडू नये.

खंडणीखोर विषाणूंचा उल्लेख वर आलाच आहे. असा विषाणू संगणकात शिरला की त्या संगणकाला लिहिण्याची मुभा असलेले नेटवर्कवरील प्रत्येक फोल्डरही तो कुलूपबंद करतो, आणि बॅकअपचे फोल्डर त्याला अपवाद नसते. यावर दोन उपाय एकत्र करावे लागतात. चार संगणकांसाठी डब्यावर चार वेगळी खाती आणि वेगळे पासवर्ड ठेव, म्हणजे एका संगणकाचे दुखणे दुसऱ्याच्या बॅकअपपर्यंत पोचणार नाही. आणि डब्याचे व्यवस्थापक-खाते या चौघांपैकी कोणत्याही संगणकात साठवून ठेवू नकोस. दुसरे म्हणजे डबा स्नॅपशॉट घेणारा असावा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची, केवळ वाचता येणारी अशी स्थिती, जी डबा स्वतः राखतो. संगणकावरून आलेला विषाणू ती बदलू शकत नाही. ही सोय सर्व स्वस्त डब्यांमध्ये नसते, आणि माझ्या मते दोन डब्यांत निवड करायची वेळ आली तर वेगापेक्षा हीच गोष्ट पाहून निवड करावी.

बाहेरगावी असताना घरच्या फाइली फोनवर पाहता येतील, असे आमिष प्रत्येक विक्रेता दाखवतो. ते घेऊ नकोस. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या नेटवर्क-डिस्क इंटरनेटला उघड्या असल्यामुळे बाहेरून आलेल्या आज्ञेने जगभर कोऱ्या झाल्या, आणि कंपनीला त्या इंटरनेटपासून तोडण्याचे आवाहन करावे लागले. त्यांच्यासाठी 2015 नंतर सुरक्षा-सुधारणा निघालेलीच नव्हती. बॅकअपच्या डब्याला इंटरनेटवरून आत येण्याची वाट द्यायचे काही कारण नाही. उलट कंपनी किती वर्षे सुधारणा पुरवते, हे त्या खोक्याच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचे आहे.

क्षमतेविषयी फार डोके चालवू नकोस. चारही संगणकांवर आज वापरात असलेली जागा मोजून तिची दुप्पट-अडीचपट धर, म्हणजे जुन्या आवृत्त्यांना वाव राहील. चार टीबीची डिस्क विंडोजवर 3.63 टीबी दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतील तफावत आहे, फसवणूक नाही. मात्र डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी, आहे का ते विचार. एसएमआर पद्धतीत डिस्कवरील पट्टे कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि जोडीतील बंद पडलेली डिस्क बदलल्यावर नवी भरून निघायला विलक्षण वेळ लागतो. 2020 मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क गाजावाजा न करता याच पद्धतीच्या केल्याचे उघड झाले होते, तेव्हापासून मॉडेलचा क्रमांक पाहूनच डिस्क घ्यावी असे माझे मत झाले आहे.

एवढे सर्व करूनही डबा घरातच राहणार. चोरी, आग किंवा विजेचा लोळ यांना तो संगणकांबरोबरच सापडणार. तेव्हा एक साधी बाहेरची यूएसबी डिस्क वेगळी घे, डब्यावरील महत्त्वाचा भाग महिन्यातून एकदा तिच्यावर उतरव, तिला पासवर्डने कूटबद्ध कर आणि ती दुसऱ्या घरी ठेव. डब्याला लहानसा यूपीएसही लाव, कारण लिहिणे चालू असताना वीज जाणे कोणत्याच डिस्कला मानवत नाही. आणि पहिला बॅकअप झाल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येक संगणकाचे एखादे फोल्डर डब्यावरून दुसऱ्याच संगणकावर परत आणून उघडून पाहा. आपापले फोल्डर शोधून काढायला वहिनी आणि मुलांनाच सांग, म्हणजे तू घरी नसताना कोणाची अडचण होणार नाही.

आता मला दोन गोष्टी कळव. राउटरच्या मागे एखादे मोकळे लॅन पोर्ट आहे का आणि ते गिगाबिटचे आहे का, कारण काही राउटर अजूनही 100 मेगाबिटवर अडलेले असतात आणि तसे असेल तर डब्याआधी राउटर बदलावा लागेल. आणि चारही संगणकांवर प्रत्यक्ष किती जीबी वापरात आहेत. त्यावरून डिस्कचा आकार ठरवून उलट टपाली कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव