इराण्याचा चहा घरी का जमत नाही

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुंबईला लेकीला घेऊन कुठल्या इराणी हॉटेलात जाऊ, असं विचारलंयस, आणि घरी चहा कितीही उकळला तरी इराण्याच्या चहाची चव येत नाही, असंही लिहिलंयस. तुझं बिनसतंय ते नेमकं त्या उकळण्यातच. आपण घरी पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एका पातेल्यात घालतो. इराण्याकडे दोन भांडी असतात. एकात कोरा चहा आणि दुसऱ्यात आटवलेलं दूध. दोघांची गाठ पडते ती थेट कपात.

आठ कपांचं प्रमाण देतो. अर्धा लिटर पाणी उकळलं की आच अगदी मंद कर आणि २५ ग्रॅम डस्ट चहा टाक. पानाचा चहा इथे चालत नाही, रंग आणि कस दोन्ही कमी पडतात. झाकण ठेवून वीस मिनिटं राहू दे. पाणी गरम राहिलं पाहिजे, पण खदखदता कामा नये. खदखदलं की चहा नुसता कडक न होता तुरट होतो, जीभ ओढल्यासारखी वाटते. मग फडक्यातून गाळ. पत्ती आत राहिली तर कडूपणा वाढतच जातो.

शेजारच्या शेगडीवर जाड बुडाच्या पातेल्यात ८०० मिली म्हशीचं दूध ठेव आणि साधारण ६५० मिली होईपर्यंत आटव. पळी सतत फिरती हवी, नाहीतर साय वेगळी होते आणि कपात तिच्या चिंध्या तरंगतात. साखर शेवटी, पाऊण वाटीपर्यंत. आधी घातलीस तर बुडाला लागते आणि तो करपट वास कशानेही जात नाही. आता कपात एक भाग कोरा चहा आणि दोन भाग दूध, दोन्ही वाफाळतं. 'पानी कम' म्हणून जो मागतात तो याहून दुधाळ. आलं-वेलदोडा घालू नकोस. ते आपल्या पुण्याच्या अमृततुल्याचं काम, तिथे सगळं एकत्रच उकळतं आणि तिथे ते शोभतं.

एकत्र उकळून ही चव का येत नाही? दुधात पत्तीचा अर्क पाण्याइतका उतरत नाही. मग आपण पत्ती वाढवतो, आणखी उकळतो, आणि दुधाला शिजकट वास येतो. कोरा चहाही तासाभरापेक्षा जास्त आचेवर ठेवू नये. काळा पडतो, वासाला जड होतो. चांगल्या हॉटेलात म्हणून तो थोडा थोडा, पुन्हा पुन्हा ताजा करतात.

ही पद्धत गर्दीसाठीही सोयीची. पहाटे पाळीवर निघालेला गिरणी कामगार, ऑफिस गाठणारा कारकून, कुणालाच थांबायला वेळ नसायचा. दोन भांडी तयार असली की चार टेबलांचा चहा मिनिटात सुटतो. पण ज्याला बसायचंय त्याला कुणी उठवत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एका खोलीत आठ माणसं राहणाऱ्या मुंबईत एका कपाच्या पैशात संगमरवरी टेबल, पंखा आणि पेपर मिळायचा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलाय, कुठल्या जातीचा, हे विचारायची पद्धत नव्हती.

हे परवडायचं कसं? या हॉटेलांचे बरेचसे मालक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधल्या यज्द आणि केरमानकडून आलेले झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे. काही इराणी मुसलमानही या धंद्यात उतरले. कोपऱ्याची दुकानं अशुभ मानून इतर व्यापारी टाळत म्हणून ती यांना मिळाली, असं सांगतात. ते काही असो, कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड, हा फायदा डोळ्यांना दिसतो. पुढे १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. माझ्या मते गिऱ्हाइकाचा तो निवांत तास या जुन्या भाड्यातून निघत होता. इमारत पुनर्विकासाला गेली किंवा पुढच्या पिढीने दुसरा पेशा धरला, की हा हिशेब जुळत नाही. नव्या भाड्यात एका चहावर तासभर टेबल अडवणं कुणाला परवडेल?

मुलगी आर्किटेक्चरला आहे, तर तिला तिथल्या खुर्च्या नीट दाखव. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवतात. युरोपातल्या थोनेट या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीच्या १४ नंबरच्या खुर्चीचा हाच घाट. तिच्यात लाकडाचे तुकडे फक्त सहा आणि स्क्रू दहा. बैठक आणि पाय जिथे जुळतात तिथे आधी खिळखिळ होते. तिथे खिळा ठोकला की लाकूड चिरतं, स्क्रूच आवळावा लागतो. टेबलाच्या संगमरवराला लिंबू सोसत नाही, आम्लाने चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात.

एकच सकाळ असेल तर धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर कयानीत जा, १९०४ चं आहे. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ चं, ते जेवणासाठी. बेरी पुलाव घ्या. परतताना पुण्यात उतरलात तर डेक्कनला गुडलक, १९३५ चं. त्या चौकाचं नावच गुडलक चौक पडलंय, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही.

ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, सकाळीच मागव. त्याच्या पिठात तूप-साखर जवळजवळ नसते, म्हणून कवच कडकडीत आणि आत मऊ. दमट हवेत संध्याकाळपर्यंत ते चिवट होतं, पावसाळ्यात तर दुपारीच. घरी करणार असलास तर मस्का फ्रीजमधून तासभर आधी काढ, गार मस्क्याने आतला मऊ भाग फाटतो. आणि चहात दोन श्वास बुडवून धर. बनसारखा तो लगेच विरघळत नाही, कवचाला चहा प्यायला तेवढा वेळ लागतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. दूध आटवताना पळी थांबवू नकोस, आणि कसा झाला ते कळव.

तुझा,
अनंत