खिडकीखालची ती कुंडी

प्रिय राणू,

परवा फोन ठेवताना तू "आई, मला कळतं" म्हणालीस, तेव्हाच ठरवलं होतं की आता या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. दोन दिवस काढलं नाही. पण तू पाठवलेले फोटो रोज उघडते आणि रोज त्या खिडकीखालच्या कुंडीपाशी येऊन अडते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते की घर फार देखणं केलं आहेस. माईंच्या खोलीचा नवा रंग, घासून काढलेला जिन्याचा कठडा, निळ्या खोलीतलं ते बुटकं कपाट! बाबा फोटो मोठे करून करून बघत होते. "एकटीनं केलं सगळं," असं तीनदा म्हणाले. पाहुणे चार रात्री राहून जाणार, मध्ये आठ-दहा दिवस घर कुलपात, मग पुन्हा नवे पाहुणे. हे तुला झेपेल का, असं मी सुरुवातीला म्हणाले होते. ते शब्द मागे घेते.

कुंडी मात्र हलव. पांढरट ठिपक्यांच्या रुंद पानांचं ते झाड म्हणजे डिफेनबेकिया, पान चावलं की तोंड सुजवणारं. शुक्रवारी येणाऱ्यांबरोबर दीड वर्षाचं मूल आहे, हे तूच सांगितलंस. ती पानं बरोबर त्याच्या तोंडाशी येतात.

बाकीच्या झाडांचं तू विचारलं होतंस आणि मी भांडत बसले, तर ते आता नीट सांगते. अशा घरात तहानेनं मरणाऱ्या झाडांपेक्षा पाण्यानं मरणारी जास्त असतात. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की आधीच्यानं पाणी घातलं नसेल, आणि तो मायेनं तांब्याभर ओततो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की ती गुदमरून कुजतात आणि वर चिलटं घोंगावायला लागतात. माझा स्नेक प्लांट असाच गेला. वरून पानं ताठ, हिरवीगार, कसलीच शंका येऊ नये अशी. एक दिवस पुसायला म्हणून पान धरलं तर ते अलगद हातात आलं. बुडाशी तपकिरी लिबलिबीत झालं होतं आणि त्याला साचलेल्या पाण्याचा वास येत होता. तेव्हा कुंडीला खाली भोक हवंच, आणि शोभेच्या बाहेरच्या भांड्यात पाणी साठू द्यायचं नाही. कुंडीजवळ एक छोटी चिठ्ठी लाव: "झाडांना पाणी आम्ही घालतो." पाण्याचं काम एकट्या सफाईच्या मावशींकडे दे. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं, एवढं त्यांना दाखवून ठेव.

जिथे उन्हाचा कवडसा येत नाही तिथे अ‍ॅस्पिडिस्ट्रा ठेव. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या अंधाऱ्या, गॅसच्या दिव्यांच्या दिवाणखान्यांत तग धरून राहिलेलं हे झाड. वाढतं अगदी सावकाश, पण तक्रार करत नाही, आणि मुलांना, मांजराकुत्र्यांना त्याचा धोका नाही. स्पायडर प्लांटचंही तसंच. त्याच्या मुळांना पाणी साठवणाऱ्या जाड गाठी असतात, त्यामुळे आठ-दहा दिवस कुलपात सहज निघतात. टोकं तपकिरी झाली तर घाबरू नकोस, पाण्यातल्या क्षारांनी होतात, कात्रीनं छाट. पेपरोमिया आणि हावर्थियाही निर्धोक. हावर्थिया मात्र खिडकीपाशीच हवा. बिनखिडकीच्या न्हाणीघरात काहीच ठेवू नकोस. कमी उजेड चालतो म्हणजे अंधार चालतो असं नाही. तिथे झाड महिनोन्महिने हिरवं दिसत राहतं आणि आतून संपत जातं.

झीझी तुला फार आवडतो, माहीत आहे. जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतो, महिनाभर विसरलीस तरी रुसत नाही. पण तो, मनी प्लांट, पीस लिली, मॉन्स्टेरा, सगळे त्या डिफेनबेकियाच्याच कुळातले. झीझी उंच फळीवर जाऊ दे. मनी प्लांटच्या वेली खाली लोंबू देऊ नकोस. मूल पान ओढेल आणि पानापाठोपाठ कुंडी डोक्यावर येईल. जमिनीवर ठेवायच्या कुंड्या जड आणि रुंद बुडाच्याच घे. आणि कोणी मांजर घेऊन येणार असेल तर फुलदाणीत खरी लिली चुकूनही नको. तिचे नुसते परागकण चाटण्यात आले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

घराच्या वर्णनात "हवा शुद्ध करणारी झाडं" लिहिलं आहेस, ते काढून टाक. 1989 सालचा नासाचा तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालं की खिडक्यादारांतून येणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. तुझ्या घरात पाच आहेत. छान दिसतात, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरे.

बघ, शिकवायला लागले. तुला विचारायचं होतं तेवढंच सांगायचं ठरवलं होतं. राग मानू नकोस.

पण कुंडी हलवलीस का? दादू दोन वर्षांचा होता, तू सातची. कोणाकडून तरी आणलेली डिफेनबेकियाची कुंडी मीच हौसेनं जमिनीवर मांडली होती. मी आत होते. बाहेर आले तर त्याचे ओठ जाड झालेले, लाळ गळतेय, रडायला तोंड उघडतोय आणि आवाज फुटत नाही. मला काही सुचलं नाही. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला, "लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना!" म्हणून, आणि त्याला उचलून धावले. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, काय खाल्लं, आणि मला सांगता येत नव्हतं. तू माझ्या मागोमाग धावत आली होतीस. पायात चप्पल नव्हती. हातात ते पान होतं, कडेला त्याच्या चार दातांच्या खुणा असलेलं. ते तू डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलंस. त्यावरून त्यांना कळलं. या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेत, घशात घुसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो बोलायला लागला.

त्या धपाट्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. कुंडी मी ठेवली होती आणि मार तू खाल्लास. परवा फोनवर तुझ्यावर ओरडले तेव्हाही तेच झालं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. माझं चुकलं, राणू. तेव्हाही आणि परवाही.

घराच्या माहितीच्या वहीत प्रत्येक झाडाचं नाव लिहून ठेव, म्हणजे कोणाला पान हातात घेऊन धावावं लागणार नाही. खाली हेही लिही: पान चावलं तर तोंड पुसून चूळ भरायला लावायची, थंड पाणी द्यायचं, मुद्दाम उलटी काढायची नाही, सूज वाढली किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना.

माझ्या स्पायडर प्लांटला सात पिल्लं आली आहेत. बाटल्यांत ठेवली होती, सगळ्यांना बोटभर मुळं फुटली. बाबा गुरुवारी सकाळी घेऊन येतील. चार खिडकीखाली लाव, तीन माईंच्या खोलीत. आणि परत येताना ती कुंडी त्यांच्याबरोबर पाठव. मी तिला गच्चीत, कोणाचा हात पुरणार नाही अशा जागी ठेवीन.

तुझी,
आई