यादीतून निसटलेल्या मुलांना शोधणाऱ्या ताईंस अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळेत शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या पुढील शिक्षणावर आणि कमाईवर तिचा काय परिणाम झाला, हा आमचा अभ्यास आता पूर्ण झाला आहे. अहवालाच्या ऋणनिर्देशात क्षेत्रीय पाहणीच्या चमूचा उल्लेख एका ओळीत आहे. त्या ओळीवरून आपण केलेल्या कामाचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि ते कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपले नाव कोठेही देऊ नये, ही आपली सूचना मी पाळली आहे.

गरिबी आणि शिक्षण यांवरील उपयोजित अर्थशास्त्रात चर्चा होते ती बहुतेक वेळा पद्धतीची. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही मुलांच्या शाळेतील हजेरीशी जोडलेली रोख मदतीची योजना सुरू केली, तेव्हा अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना मदत आधी आणि १८६ गावांना नंतर द्यायची, हे सोडतीने ठरवले. सोडतीमुळे दोन्ही गट सरासरीने सारखे राहतात आणि पुढे दिसणारा फरक योजनेमुळे पडला, असे म्हणता येते. याच प्रायोगिक मार्गाने केलेल्या कामासाठी २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सारे योग्यच आहे. मात्र सोडत गटांना सारखे करते ते पहिल्या दिवशी. चार-पाच वर्षांनी आपण पुन्हा जातो, तेव्हा सगळी मुले भेटत नाहीत, आणि जी भेटत नाहीत ती सहसा भेटणाऱ्यांसारखी नसतात.

वाचकांसाठी एक काल्पनिक उदाहरण देते. दोन्ही गटांत एक-एक हजार मुले होती आणि काही वर्षांनी शिष्यवृत्ती मिळालेल्या गटातील ९००, तर न मिळालेल्या गटातील ८०० सापडली, असे समजू. दुसऱ्या गटातील न सापडलेली मुले मुख्यतः शाळा सोडून कामासाठी बाहेर पडलेली असतील, तर उरलेल्या ८०० जणांची सरासरी आहे त्याहून चांगली दिसते आणि शिष्यवृत्तीचा परिणाम कमी भासतो. पहिल्या गटातून नेमकी शिकून दूरच्या शहरात चांगल्या नोकरीला लागलेली मुले निसटली, तरीही तेच होते. याउलट शिष्यवृत्ती मिळूनही शिक्षण अर्धवट सुटलेली मुले भेटायचे टाळत असतील, तर परिणाम फुगून दिसतो. न भेटलेल्यांविषयी आपल्याजवळ माहितीच नसल्यामुळे यांपैकी काय घडले, हे हाती असलेल्या आकड्यांवरून ओळखता येत नाही.

यावर संख्याशास्त्रात उपाय आहेत. जेम्स हेकमन यांनी १९७९ मध्ये, ठरावीक प्रकारच्याच माणसांची माहिती हाती आल्यामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकतो त्याची, म्हणजे निवडीमुळे येणाऱ्या पूर्वग्रहाची, दुरुस्ती सुचवली. डेव्हिड ली यांनी २००९ मध्ये मांडलेल्या रीतीत, ज्या गटातील अधिक माणसे सापडली त्यातील वरच्या किंवा खालच्या टोकाची जास्तीची माणसे वगळून परिणामाची कमाल आणि किमान मर्यादा काढतात. वरील उदाहरणात ९०० पैकी १०० वगळावी लागतील. या मर्यादा प्रामाणिक असतात. पण दोन गटांतील तफावत मोठी असली, की त्या इतक्या रुंद होतात की एका टोकाला योजना उपकारक आणि दुसऱ्या टोकाला अपायकारक ठरते, आणि योजना चालू ठेवावी की नाही हे ठरवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. संगणकापाशी बसून जे भरून काढता येत नाही ते आपण पायी हिंडून भरून काढले, ताई, आणि माझ्या कृतज्ञतेचे मूळ तेथे आहे.

पहिल्या फेरीतच आपण प्रश्नावलीच्या शेवटी एक पान जोडायला लावले होते. मुलाचे हाक मारायचे नाव, हंगामात घर बंद असते का आणि तेव्हा कुटुंब कोठे असते, सहसा गाव न सोडणाऱ्या दोन नातेवाइकांचे ठावठिकाणे, असे त्या पानावर होते. मुलाखत आधीच लांबली असताना हे पान कशाला, असे आमच्यापैकी काहींना वाटत होते. पुढील फेरीत त्या पानाशिवाय आमचे पाऊल पुढे पडले नसते. घर बंद असेल तर शेजारच्या घरातील मुलाची मुलाखत घेऊन संख्या पूर्ण करण्याचा मोह अशा कामात नेहमीच असतो. बदली घर घ्यायचे नाही, हा नियम आपण एकदाही सैल होऊ दिला नाही. मृत्यू, नकार, स्थलांतर आणि ठाव न लागणे यांची नोंद आपण वेगवेगळी ठेवलीत. कोणत्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली होती, हे शोध घेणाऱ्यांच्या यादीवर दिसू दिले नाहीत, त्यामुळे दोन्ही गटांसाठी सारखेच कष्ट घेतले गेले. ज्याने स्पष्ट नकार दिला त्याच्या दारी पुन्हा कोणाला पाठवले नाहीत, हेही मला येथे नोंदवायचे आहे. शोधणे आणि पिच्छा पुरवणे यांतील सीमा आपण नीट जपलीत.

निधी संपत आला, तेव्हा उरलेल्या नावांचे काय करायचे, या प्रश्नावर आपण दिलेले उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सगळ्यांचा थोडाथोडा शोध घेण्यापेक्षा उरलेल्या नावांतून पुन्हा सोडत काढावी, निघालेल्या प्रत्येकाला शेवटपर्यंत शोधावे आणि हिशेबात त्यांना न शोधलेल्यांचेही वजन द्यावे, असे आपण म्हणालात. अमेरिकेत १९९४ मध्ये पाच शहरांत सुरू झालेल्या ‘मूव्हिंग टू अपॉर्च्युनिटी’ या घरभाडे-साहाय्याच्या प्रयोगात हीच युक्ती वापरली होती. न सापडलेल्या कुटुंबांपैकी दर दहांतून तीन निवडून त्यांचा कसून शोध घेण्यात आला.

दीर्घकाळ चाललेले चांगले अभ्यास अशाच चिकाटीवर उभे आहेत. जमैकातील किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची निवड झाली, आणि त्यांतील काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन, मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवत असत. वीस वर्षांनी त्या १२९ पैकी १०५ जणांना संशोधकांनी गाठले, आणि ज्यांना भेटी मिळाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. बालपणातील गुंतवणुकीच्या बाजूने हा निष्कर्ष जगभर सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना दर वेळी ते १०५ पत्ते शोधणारे लोक आठवतात. इंडोनेशियातील कौटुंबिक जीवन सर्वेक्षण १९९३ मध्ये सात हजारांहून अधिक कुटुंबांपासून सुरू झाले आणि १९९७ च्या फेरीत त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबे पुन्हा भेटली. त्यामागेही स्थलांतरितांच्या मागावर गेलेली माणसे होती.

आमच्या अभ्यासात आपण शोधून आणलेल्या मुलांची माहिती जोडल्यावर निष्कर्ष बदलला. शिष्यवृत्तीमुळे शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण वाढते, हे अधिक ठामपणे सांगता आले. कमाईवरील परिणाम मात्र आधी दिसला होता त्यापेक्षा लहान निघाला. मोठा आकडा लोकांच्या नजरेत अधिक भरला असता, पण खरा आकडा मिळाला याचे मला समाधान आहे, कारण याच आकड्याच्या आधारे पुढे कोणाला किती मदत द्यायची हे ठरू शकते.

एका गोष्टीचा मला खेद वाटतो, आणि ती सबंध क्षेत्रात आढळते. पाहणीचा मोबदला बहुधा भरलेल्या प्रश्नावलींच्या संख्येवर ठरतो. दिवसभर हिंडून एकही मुलाखत न मिळालेला दिवस त्या हिशेबात रिकामा धरला जातो, जरी एका मुलाचा नवा पत्ता त्याच दिवशी हाती लागलेला असला तरी. या रीतीने पैसे देऊन आपण सर्वेक्षकांना सहज भेटणाऱ्यांकडेच पाठवतो. म्हणून पुढील अभ्यासाच्या अंदाजपत्रकात शोधाचे दिवस स्वतंत्र धरले आहेत आणि त्यांचा मोबदला मुलाखतींच्या संख्येशी जोडलेला नाही. आपण तयार केलेले ते पान आता सर्व प्रश्नावलींत पहिल्या फेरीपासून राहील. शोधाच्या नियमांचा मसुदा या पत्रासोबत वेगळा पाठवत आहे. त्यात काय उणे आहे ते आपण निःसंकोच कळवावे, अंतिम रूप त्यानंतरच देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
अभ्यासगटातील एक संशोधक