कारवारच्या 'चपळ'वर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून हे उघडं पत्र. ओळख पटावी म्हणून सांगते: टागोर किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेल्या 'आयएनएस चपळ' या नौदलाच्या जुन्या क्षेपणास्त्र बोटीवर चाळीस पोरांची सहल घेऊन आलेली बाई ती मी. एकाने इंग्रजी अक्षरं लावत 'चप्पल' वाचलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्हीच हसलात.

डेकवर मी ठासून सांगत होते की याच बोटीने १९७१ साली कराचीवर हल्ला केला. कुठेतरी वाचलेलं, कधी पडताळलं नव्हतं. तुम्ही मला पोरांदेखत खोटं पाडलं नाहीत. क्षेपणास्त्राच्या नळकांड्यावर थाप मारून फक्त विचारलंत, "याचा आकार कसा रे?" पोरं ओरडली, "गोल!" मग म्हणालात, कराचीला गेलेल्या बोटींवर चौकोनी पेट्या होत्या. नंतरच्या क्षेपणास्त्रांचे पंख मिटता यायला लागले, म्हणून त्यांना ही आटोपशीर नळी पुरली.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री गेल्या त्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर'. 'चपळ' नौदलात आली १९७६ साली! "थोरल्या बहिणींचा पराक्रम हिच्या नावावर कशाला?" हे तुमचं वाक्य मला चांगलंच लागलं.

या जातीच्या बोटींचा पल्ला कमी, म्हणून त्या मोहिमेत मोठ्या जहाजांनी त्यांना काही अंतर ओढत नेलं होतं, हे ऐकून पोरं चाटच पडली. युद्धनौका आणि दोराने ओढायची? तुम्ही न कंटाळता तीनदा समजावलंत.

आत नेल्यावर मात्र तुम्ही कराची विसरलात. चाळीस मीटरही लांबी नसलेल्या बोटीत तीन डिझेल इंजिनं, चार क्षेपणास्त्रं आणि तीसेक माणसं. खलाशांच्या पुतळ्यांपाशी थांबून म्हणालात, "हे निवांत उभे आहेत. आम्हाला एवढी जागा कुठली!" २००५ साली निवृत्त होईपर्यंत या बोटीवर माणसं अशीच अंग चोरून राहिली, हे कुठल्या पुस्तकात वाचून मला कळलं नसतं.

शाळेत आल्यावर पहिल्याच तासाला माझी चूक फळ्यावर लिहिली. भित्तिपत्रकावर आता दोन चित्रं आहेत: गोल नळ्यांची 'चपळ' आणि चौकोनी पेट्यांची 'वीर'. 'वीर'ची एक पेटी जरा कलली आहे, तेवढं चालवून घ्या. मनापासून आभार.

तुमची,
सहलीवाली बाई