राजमहाल रोडवरचा फ्लॅट घेतलाय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला लागले की आई मधेच "थांब गं, दूध वर आलं" म्हणते आणि बाबा लगेच "आईशी बोल" करून सुटतात, म्हणून लिहून पाठवतेय. शेजारच्या भाभींच्या मुलाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. दोघांनी एकत्र वाचा आणि पूर्ण वाचून मगच फोन करा.

आपल्या वडोदऱ्यातलाच, राजमहाल रोडवरचा तो लिफ्टवाला फ्लॅट मी तुमच्यासाठी घेतलाय. भाड्याने, 11 महिन्यांचा करार, टोकन देऊन झालं. तुम्हाला विचारलं नाही, खरंय. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते दिवाळीनंतर बघू, आणि दोन दिवाळ्या त्यातच गेल्या. दांडिया बाजारचं घर आहे तसंच राहणार, किल्ली आईच्या कमरेला, गणपती तिथेच बसणार. विकायचं कुणाच्याही डोक्यात नाहीये, माझ्या तर नाहीच नाही. विश्वामित्री नदीजवळ एक मोठा फ्लॅट मिळत होता पण ऑगस्ट 2024 च्या पुराचं पाणी आठवलं आणि नको म्हटलं.

बाबा, तुमचा मुद्दा मला पाठ आहे. जिना चढताना पाय अडत नाही, सपाट फरशीवर अडतो, मग लिफ्टला पैसे कशाला. आणि तुम्ही बरोबर आहात! न्यूरोवाले डॉक्टरसुद्धा म्हणाले की पार्किन्सनमध्ये असं होतं, पायरी डोळ्यांना दिसते म्हणून पाऊल उचललं जातं. पण त्यांनीच तुम्हाला उभं करून परत बीपी मोजलं तेव्हा ते केवढं उतरलं होतं ते तुम्ही आईला सांगितलं नाहीत. (आई, रागावू नकोस, तुला घाबरवायचं नव्हतं त्यांना.) 31 पायऱ्या उतरताना मधल्या वळणावर चक्कर आली तर धरणार कोण, आणि आईचे गुडघे वेगळेच. आता इतकी कारणं दिलीच आहेत तर शेवटचंही सांगते, रात्री अकरानंतर फोन वाजला की मी पुण्यात ताडकन उठून बसते. थोडं माझ्यासाठी करा.

बाबांच्या या आजाराची मला पहिल्यांदा शंका आली ती कॅलेंडरवरून. आईने एकादशी कधी आहे ते दाखवायला फोटो पाठवला होता, त्यात बाबांचा दुधाचा हिशोब. महिन्याच्या सुरुवातीचे आकडे चांगले टपोरे आणि पुढे पुढे बारीक होत शेवटी मुंगीएवढे. मी आईला म्हटलं पण, बाबा शाई वाचवतायत का. हसलो आपण. नंतर दूध करपलं आणि शेजारी बसून बाबांना वास आला नाही, तेव्हाही आपण सर्दीच समजलो. याचं मला वाईट वाटतं, पण ते राहू दे.

बाबा, प्रतापनगरच्या रेल्वे यार्डात तुम्ही मला न्यायचात आठवतं का? डभोईच्या छोट्या लाईनवर 1862 साली गाडी बैल ओढायचे, ही गोष्ट शंभर वेळा. माझा पाय रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवरून दुसऱ्यावर पोचायचा नाही, मग तुम्ही बोट धरून "हं, टाक" म्हणायचात. तर आता नव्या घरात बेडरूमपासून बाथरूमपर्यंत मी फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, स्लीपरसारख्या. मागच्या वेळी आले होते तेव्हा तुम्ही अंघोळ करून बाहेर आलात, तुमच्या ओल्या पावलांमधलं अंतर मी आईच्या शिवणाच्या टेपने मोजून घेतलं होतं. पट्ट्या त्याहून जरा लांब ठेवल्यात, मुद्दाम. पट्टी ओलांडून पाऊल टाकायचं. पाय अडलाच तर आई, हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. नुसतं "हं, टाक" म्हण.

अजून एक, हे तुझ्यासाठी. ते चालत असताना स्वयंपाकघरातून "अहो, गॅसवाल्याला फोन केला का" असं ओरडायचं नाही. चालताना फक्त चालायचं, बोलायचं असेल तर आधी थांबायचं. बाबांनीही मोबाईल कानाला लावून फेऱ्या मारणं बंद. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. पार्किन्सनची गोळी, सिंडोपा, जेवणाआधी अर्धा तास, वरण-दुधाबरोबर अजिबात नाही, ती नीट लागू पडत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद तर करायचीच नाही. उलटी-चक्करची गोळी कुणीही दिली, तरी आधी न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काहींनी पार्किन्सन उलट वाढतो. पेपर रोज मोठ्याने वाचायचा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आवाज बसत चाललाय तुमचा. आणि दोघांची आधार कार्डं काढून ठेवा, 70 च्या वरच्यांचं आयुष्मानचं कार्ड करायचंय, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं, दोघांत मिळून. पेन्शन आहे म्हणून मिळणार नाही असं काही नाहीये त्यात.

झालं माझं ओरडून. दूधवाला तोच येईल, बोललेय त्याच्याशी. पेपरही तोच. आई, तुझं खंडेराव मार्केट इथूनही रिक्षाने पाच मिनिटं, आणि तुळस, ताकाची रवी, तुझा पाटा, सगळं येणार. बाबांच्या कमाटीबागेतल्या मंडळींपैकी एक काका रोज सकाळी घ्यायला येतो म्हणालेत. पहिले पंधरा दिवस मी आहेच, रजा मंजूर झालीय, एकट्याने तुम्हाला काही उचलायचं नाहीये.

झोपाळा राहिला. तो येतोय, हॉलमध्ये, घरमालकांनी हूक मारायला हो म्हटलंय. फक्त तो पूर्ण थांबला की मगच उतरायचं. पितळी कड्या माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहेत की आईने कुठे हलवल्यात? फोटो काढून पाठवा, सुतार शुक्रवारी येतोय.

तुमची,
चिमी