ताम्हिणी घाटात भेटलेल्या टेम्पोवाल्या दादांचे आणि त्यांच्या क्लीनरचे आभार

जुन्या जीपला मागच्या महिन्यात पुढचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, बदलून घेतला, सेकंडहँड पण दणकट, आणि ॲक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी आवळून धरणारे नवे यू-बोल्ट थोडी गाडी पळवल्यावर परत टाईट करायचे असतात हे माहीत असून मी आळस केला, चूक माझीच. रविवारी ताम्हिणीत विळ्याकडे उतरताना खाडकन आवाज, स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं, वाकून बघतो तर डावीकडच्या पाट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला आणि ॲक्सल दोन बोटं मागे सरकलेला. धो धो पाऊस, रेंज नाही, शेजारी आई.

टेम्पोवाले दादा हात न करताच थांबले. चाकांना दगड लावले, जॅक चढवला, त्यांच्या डब्यातल्या बोल्टचं डोकं जाड निघालं, जागेवर बसेना, तर अर्धा तास कानशीने घासत बसले, मग टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ॲक्सल जागेवर ढकलून यू-बोल्ट आलटून पालटून आवळले. जीपला दारं नाहीत म्हणून क्लीनर पोराने स्वतः भिजत आईच्या बाजूला ताडपत्री बांधली. पैसे घेतलेच नाहीत, "माणगावात परत टाईट करा, आता तरी!" एवढंच म्हणाले.

केले दादा. खूप खूप आभार. ताडपत्री माझ्याकडेच राहिलीय, आई रोज विचारते परत कशी करणार.